कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) नवऱ्याला तयार कसं करू?

जास्वंद (न्यू जर्सी): आमचे हे ४७ चे. अमेरिकेत २०२१ पासून तपासणी ४५ व्या वर्षीच सुरू करायला सांगतात. यांचं पालुपद एकच, "मला काही होत नाहीये." सासऱ्यांना आतड्याचा कॅन्सर होता, तो विषयही काढू देत नाहीत.

खवय्या५२: खरी धास्ती आदल्या रात्रीच्या जुलाबाच्या औषधाची! मी गेलो कारण लेकीने परस्पर अपॉइंटमेंट घेतली आणि गाडीत बसवलं. पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची छोटी गाठ) सापडला, तिथल्या तिथे काढला. मी घोरत होतो म्हणे.

शेवंती: घरच्या घरी शौचाचा नमुना पाठवायची फिट टेस्ट (त्यात लपलेलं रक्त शोधतात) करा की.

ओपीडीवाली: वडिलांना होता ना? मग फिटवर भागवू नका. थेट कोलोनोस्कोपी, तीही ४० पासूनच सांगतात.

जास्वंद: बाप रे. उद्याच फोन लावते, रुसले तर रुसले.