मदत हवी आहे: अंताल्या, सिदे की काश? आईबाबा आणि लेकासोबत तुर्कस्तानचा भूमध्य किनारा

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. ऑक्टोबरमध्ये लेकाला शाळेची सुट्टी आहे, तेव्हा आईबाबाही सांगलीहून आलेले असतील. सगळ्यांनी मिळून आठवडाभर तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचं घाटतंय. विमान अंताल्याचं, एवढंच नक्की. पुढचं सगळं घरच्या वादात अडकलंय.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांची प्राचीन शहरांच्या अवशेषांची यादी तयार आहे: पेर्गे, आस्पेंदोस, तेर्मेसोस, मिरा, झँथोस, पातारा. सिकंदराला तेर्मेसोस घेता आलं नाही, हे आम्ही सध्या रोज जेवताना ऐकतो. लेकाला वाळू आणि पाणी सोडून काही नको. आईचा गुडघा उतरताना फार दुखतो, घाटात तिला गाडी लागते, आणि ती अंडंसुद्धा खात नाही. नवरा गाडी चालवेल, पण रोज चार-चार तास स्टिअरिंग धरायचं तर सुट्टी कसली, हे त्याचं म्हणणं मला पटतं.

तर मुक्काम एकाच ठिकाणी करावा की अर्धा अंताल्यात आणि अर्धा काशला? बाबांच्या यादीतलं काय गाळलं तर चालेल (त्यांना मी समजावेन)? ऑक्टोबरात समुद्रात उतरता येतं का? आणि आईच्या जेवणाचं काय? 'सगळं छान आहे, जाऊन या' असं कृपया नको, कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर तपशिलात सांगा.

प्रतिसाद १

आधी एक महत्त्वाचं. आईबाबांचा शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे पुन्हापुन्हा आत येऊ देणारा आहे ना? तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. सिंगल एंट्री असेल तर अंताल्याहून परत जर्मनीत शिरता येणार नाही. तिकिटं काढायच्या आत व्हिसाचा स्टिकर बघा. वैध शेंगेन व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, ते काम सोपं आहे. फक्त सरकारी साइटवरूनच काढा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स बऱ्याच आहेत.

आता मुक्काम. नकाशा नीट बघितलात तर उत्तर त्यातच आहे. अंताल्याच्या पूर्वेला सपाट मैदान आहे: पेर्गे, आस्पेंदोस, सिदे. पश्चिमेला टॉरस पर्वत थेट समुद्रात उतरतो. अंताल्या ते काश जवळपास १९० किलोमीटर, आणि फिनिके ते देमरे हा तुकडा तर कड्याला चिकटून वळणं घेत जातो. आईंना गाडी लागत असेल तर तो रस्ता जाऊन-येऊन दोनदा करायला लावू नका. पूर्वेकडेच राहा.

तेर्मेसोस गाळा. ते हजार मीटरच्या वर आहे, गाडी खालीच राहते आणि पुढे सुटे दगड आणि चढ. सिकंदराला जमलं नाही ते आईंच्या गुडघ्याला कशाला? आस्पेंदोस मात्र चुकवू नका. दुसऱ्या शतकातलं रोमन नाट्यगृह, आणि मंचामागची भिंत वरपर्यंत उभी आहे. पुढे सेल्जुक तुर्कांनी ते वापरलं, डागडुजी केली, म्हणून टिकलं. आत सपाटीवरून जाता येतं. आईंनी खालच्या दगडी बाकावर बसावं, बाबांना वरच्या कमानींपर्यंत चढू द्यावं.

प्रतिसाद २

मी तर म्हणेन अंताल्याही नको, सिदेलाच राहा. अंताल्यातला कोन्याआल्ती किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी चालताना लहान मुलं रडकुंडीला येतात. सिदेला दोन्ही बाजूंना वाळू, पाणी बरंच आत जाईपर्यंत उथळ. आणि अवशेष गावातच: रस्त्याकडेला नाट्यगृह, टोकाला समुद्रालगत अपोलोच्या देवळाचे पुन्हा उभे केलेले पाच खांब. बाबा सकाळी एकटे फिरून येतील, कोणाची वाट अडणार नाही. तोटा एकच, दुकानदार फार मागे लागतात.

ऑक्टोबरात पाणी छान असतं, उन्हाळाभर तापलेला समुद्र इतक्यात थंड होत नाही. महिनाअखेरीस मात्र पावसाची एखादी सर धरून चाला. पेर्गेला सावली जवळजवळ नाही, तेव्हा सकाळी उघडताच आत शिरा. तिथल्या मुख्य रस्त्याच्या मधोमध पाण्याचा पाट होता, तो बाबांना जरूर दाखवा.

जेवण: सकाळी न्याहारीला चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, मध, पाव भरपूर. बटाट्याचं किंवा पालकाचं गोझलेमे म्हणजे लाटून तव्यावर भाजलेली भरली पोळी, आईंना आवडेल. मसुराचं सूप कधीकधी मांसाच्या पाण्यात करतात, तेव्हा विचारून घ्या. 'मांस नको' म्हटलं तरी चिकन येऊ शकतं, चिकन वेगळं सांगा. भाजणी आणि मेतकूट बॅगेत असू द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्हिसा तपासला, मल्टिपल आहे, हुश्श. सिदे आईला पसंत. पण बाबा पातारा सोडायला तयार नाहीत, लिकियन संघाचं (तिथल्या प्राचीन शहरांच्या संघाचं) सभागृह बघायचंच म्हणतात. त्याच्या बदल्यात काही जवळचं सुचवता येईल का?

प्रतिसाद १

पातारा खरंच सुंदर आहे, बाबांचं चुकत नाही. पण सिदेहून एका दिवसात ते होणार नाही. त्याऐवजी फासेलिस सुचवा. अंताल्याच्या पश्चिमेला तासाभरावर, घाट लागायच्या आत. पाइनच्या झाडीत तीन छोटी बंदरं, मधून जुना फरसबंद रस्ता, आणि रस्ता संपला की थेट पाणी. लेक पोहतोय आणि बाबा दगड वाचतायत, हे दोन्ही आईंना एका सावलीत बसून दिसेल. सिदेहून लांब पडतं, म्हणून परतीच्या आदल्या रात्री अंताल्याच्या जुन्या कालेइची भागात राहा आणि त्या दिवशी तिकडे जाऊन या. कालेइचीत गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत. बाहेर पार्किंगला लावा.

शेवटच्या रात्रीचं हॉटेल घेताना खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. तिथल्या जुन्या लाकडी घरांतले जिने भयंकर उभे असतात.