मदत हवी आहे: स्कॅन केलेली मराठी पुस्तकं ई-रीडरवर मोठ्या अक्षरात कशी वाचायची?

मंडळी, बाबा ७४ वर्षांचे, आयुष्यभर सावानातून (आपलं नाशिकचं १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय) पुस्तकं आणून वाचली, पण आता छापील बारीक अक्षर दिसत नाही आणि जाड ग्रंथ हातात धरवत नाही. मोबाईल-कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात म्हणून ६ इंची ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनचा) रीडर घेतला. विकतची ईपब पुस्तकं त्यावर मस्त दिसतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, बाबा खूश. अडचण जुन्या पुस्तकांची, ती स्कॅन केलेली पीडीएफ आहेत म्हणजे प्रत्येक पान नुसता फोटोच, झूम केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते. रीडर आडवा धरून पाहिला, समास कापून पाहिले, थोडाच फरक पडला. फुकटच्या ओसीआरने (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मजकूर काढला तर जोडाक्षरं आणि रफार यांची पार वाट लागते, ४०० पानं हाताने कोण दुरुस्त करणार.

बजेट ३० हजारांपर्यंत आहे, टॅबलेट नको, आणि नाशिकमध्येच कुठे हातात घेऊन बघता आला तर फारच बरं. तर १० इंची ई-इंकवर असं स्कॅनचं पान झूम न करता वाचता येतं का, की मराठी नीट ओळखणारं ओसीआर कोणी स्वतः वापरलंय?