पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात, त्यात घराण्याचा वाटा किती?

रानजाई (धागाकर्ती)
पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की थोडं चाललं तरी पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. अशा पेशंटला पहिला प्रश्न तंबाखूचा आणि पुढचं व्याख्यानही त्यावरच. मला हे एकांगी वाटतं. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या नोंदींवरचा २०११चा अभ्यास या आजारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५८ टक्के धरतो. वडिलांना हार्ट अटॅक आला होता का, हे सगळे विचारतात. पाय कापावा लागला होता का, हे कोणी विचारत नाही. घरात असा रुग्ण असेल तर चाळिशीच्या आत जनुकीय चाचणी करून घ्यावी, या मताची मी आहे.

तिरकस_तात्या
५८ टक्के वाचून लोक म्हणणार, चला, निम्म्याहून जास्त दोष आजोबांचा! तो आकडा माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे, तुमच्या एका पायाबद्दल नाही.
आता जनुकांचंच बोलू. २००८ मध्ये आइसलँडच्या संशोधकांना १५व्या गुणसूत्रावर एक बदल सापडला. त्याच्या एकेका प्रतीमागे पायाच्या या आजाराचा धोका साधारण १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि जनुक कसलं? निकोटीन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे खाचेला, चिकटतं त्याचं. हा बदल असलेले धूम्रपानी जास्त सिगारेटी ओढतात. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती काय, तर तंबाखूच. बिडी सोडायला त्या रिपोर्टची वाट कशाला बघायची?

रानजाई
उलट, तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो. ज्याला व्यसन सोडणं रक्तातूनच जड जातं, त्याला "मनावर घे" म्हणून घरी पाठवायचं? त्याला गोळ्या, समुपदेशन, पाठपुरावा जास्त लागेल. शिवाय सगळं तंबाखूवरच कसं ढकलाल? अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या २०१९च्या अभ्यासात ३१ हजारांहून जास्त रुग्ण होते. त्यात जनुकांच्या १९ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या धमन्यांशीही जोडलेल्या आहेत.

तिरकस_तात्या
त्याच १९मध्ये तो निकोटीनवाला पुन्हा आहेच, तेवढं सोयीस्कर विसरलात. आणि फॅक्टर फाइव्ह लायडन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या वाढवणारा बदल, तोही त्यात आहे. युरोपीय वंशात तो बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडे विरळा. तिथल्या माणसांवर बेतलेलं, जनुकांवरून धोका मोजणारं गुणपत्रक आपल्याला लावून पैसे घालवायचे!

लॅबवाली_ताई
तुमच्या कुस्तीत कामाची गोष्ट राहून जातेय. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा रक्तातला एक कण. याचं रक्तातलं प्रमाण बहुतांशी एकाच जनुकावर ठरतं, जन्मभर फारसं बदलत नाही आणि पथ्याने हलत नाही. दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीयांपेक्षा सरासरीने जास्त असतं. त्याला जनुकं वाचायची गरज नाही, साध्या रक्ताच्या नमुन्यावर होतं, आणि एकदा केलं की पुरतं. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), बीपी, साखर जास्त कडकपणे आटोक्यात ठेवायची. पण नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं, वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. लोक "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे" म्हणत निर्धास्त!

तिरकस_तात्या
हे मान्य. पण याला मी जनुकीय चाचणी म्हणणार नाही.

रानजाई
म्हणू नका. घराण्याचा प्रश्न आधी विचारला तरच ही तपासणी कोणाला सुचेल, एवढंच मी म्हणतेय.

पायी_पायी
आमच्या आईला वीस वर्षं डायबेटिस आहे, मिश्री सुटलेली नाही. पाय दुखत नाहीत म्हणते. मग काय करायचं?

लॅबवाली_ताई
दुखत नाहीत यावर विसंबू नका, डायबेटिसमध्ये पायाची जाणीवच कमी होते. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून गुणोत्तर काढतात, ०.९ किंवा कमी आलं तर धमन्या अरुंद झाल्याचं समजतात. पण डायबेटिसमध्ये धमन्या कडक झालेल्या असतील तर आकडा खोटाच चांगला येतो. १.४च्या वर गेला तर पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगा. आणि रोज रात्री तळपाय बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. जखम दिसली तर घरगुती लेप लावत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

तिरकस_तात्या
आणि मिश्री?

पायी_पायी
ती सोडायला सांगायची कोणी, तेच ठरत नाहीये.