वाघाच्या मिशीची ही गोष्ट खरंच कोरियन लोककथा आहे का?

इंदिरानगरवाली: नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत रविवारी मी लहान मुलांना गोष्टी सांगते, यावेळी मुलींना कोरियाचीच गोष्ट हवीये. व्हॉट्सॲपवर एक आलीये, वर लिहिलंय ५००० वर्षं जुनी कोरियन लोककथा. यून ओक नावाच्या बाईचा नवरा लढाईवरून परत आल्यापासून चिडका झालेला असतो, ती डोंगरावरच्या साधूकडे औषध मागते, तो म्हणतो जिवंत वाघाच्या मिशीचा केस आण. मग ती कितीतरी महिने रात्री वाघाच्या गुहेपाशी भात आणि मांसाचा रस्सा ठेवत राहते, हळूहळू वाघाला तिची सवय होते आणि शेवटी ती केस कापून आणते. साधू तो सरळ आगीत टाकतो आणि विचारतो, वाघाला माया लावलीस, मग नवरा वाघापेक्षा अवघड आहे का? मला फार आवडली, पण हीच गोष्ट सिंहाची म्हणूनही ऐकलीये, सावत्र आई आणि मुलगा असलेली. मुलांना काहीतरी खोटं सांगायचं नाहीये. कसं ओळखायचं?

सिडकोकर: फेक आहे ताई. सिंहवाली इथिओपियाची, कोणीतरी सिंह काढून वाघ घातलाय बस. ५००० वर्षं वाचलं की तिथंच थांबायचं.

गोदाकाठ: इतकी घाई नको दादा. ५००० वर्षं हे फॉरवर्डवाल्याने चिकटवलंय, ते सोडूनच द्या. पण यून ओकची गोष्ट हॅरॉल्ड कूरलँडर या अमेरिकन लोककथा-संग्राहकाच्या १९५९ च्या पुस्तकात कोरियन म्हणून छापलेली आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवर तयार झालेली नक्कीच नाही. आणि दुसऱ्या देशात तशीच गोष्ट सापडली म्हणून नकली म्हणायचं असेल तर मग कोरियातली ससा-कासवाची गोष्टही बाद करावी लागेल! समुद्राच्या राजाला औषधासाठी सशाचं यकृत हवं असतं, कासव सशाला फसवून पाण्यात नेतं, ससा म्हणतो अहो यकृत तर मी घरीच ठेवून आलो. आपली माकड आणि मगर हो! बौद्ध जातककथांसोबत तिकडे गेली असं मानतात. ११४५ च्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात ६४२ सालच्या प्रसंगात ती आलीये, कोरियातल्या सिल्ला राज्याचा दूत किम चुनचु शेजारच्या गोगुर्यो राज्यात कैदेत असतो, तिथला एक अधिकारी त्याला ही गोष्ट सांगतो आणि तो इशारा समजून खोटं वचन देऊन सुटतो. पुढे पान्सोरीत, म्हणजे गोष्ट गाऊन सांगायच्या कोरियन प्रकारातही ती रुजली. बाहेरून आलेली आहे पण आता पूर्ण कोरियन आहे.

सिडकोकर: ओके, हे माहीत नव्हतं. पण वाघ कोरियात होते, सिंह नव्हते, याला काहीच किंमत नाही का?

गोदाकाठ: फारशी नाही, नकली गोष्ट रचणाराही वाघच घालेल ना. काळाचा घोळही पुरावा नाही. कोरियन गोष्टींची ठरलेली सुरुवात आहे, वाघ तंबाखू ओढायचे त्या काळी... आता तंबाखू तिकडे पोचला १७ व्या शतकाच्या सुरुवातीला, पण म्हणून ती सुरुवात कोणी खोटी म्हणत नाही, लोक सांगता सांगता आपल्या काळातलं घालत जातात.

तपोवन_वाचक: आपल्या पांडवलेण्यांचंच बघा. लेणी बौद्ध आहेत, आत गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती कोरलेली आहे, पांडवांचा संबंध नाही. तरी पांडव इथं राहिले ही गोष्ट आपली आजी-पणजी सांगत आली, म्हणून लोककथा म्हणून ती अस्सलच. इतिहास खरा की खोटा हा प्रश्न वेगळा. इथं बघायचं ते एवढंच की कोरियात कोणी ही गोष्ट तोंडी सांगत होतं का, कुठल्या गावात, कोणी टिपून घेतली. त्यांच्याकडे १९७९ पासून गावोगाव फिरून गोष्टी टेप केल्यात, सांगणाऱ्याचं नाव-गाव नोंदवून, आणि ते सगळं ऑनलाइन आहे. फक्त शोध कोरियन लिपीत घ्यावा लागतो.

इंदिरानगरवाली: खूप खूप आभार सगळ्यांचे. मग या रविवारी ससा-कासवच सांगते, तंबाखूवाल्या सुरुवातीसकट. यून ओकची पण सांगेन पुढे, पण १९५९ च्या एका पुस्तकात कोरियन म्हणून आलेली असं आधी सांगून. नाशिकमध्ये कोरियन शिकणारं कोणी आहे का इथं? त्या टेपमध्ये वाघाच्या मिशीचं काही सापडतं का बघायचंय.

तपोवन_वाचक: माझी भाची शिकते, तिला आजच विचारतो. तुमच्याकडची फॉरवर्ड पूर्ण इथं टाका, म्हणजे तिला नावं आणि प्रसंग धरून शोधता येईल.