लोड आला की तिपाईचा मागचा पाय उचलतोय

डोंगरवेडा_७७: आमच्या ग्रुपने रेस्क्यूसाठी ट्रायपॉड घेतलाय, गावातल्या जुन्या आडावर सराव चालू आहे. हेड, म्हणजे तिपाईचा शेंडा, सात फुटांवर, वरच्या पुलीतून दोर काढून पोरं पंधरा फूट लांब उभी राहून ओढतात. वाळूची १०० किलोची गोणी वर यायला लागली की मागचा पाय जमीन सोडतो. मागच्या पायावर वजन ठेवलं तर चालेल का?

कातळकडा: वजन ठेवून मूळ दुखणं जात नाही रे. लोड खाली खेचतो, पोरं बाजूला खेचतात, आणि पुलीवर जोर येतो तो या दोन्ही दोरांच्या बरोब्बर मधल्या दिशेने. तुझ्या मापांनी तो साधारण १६०-१७० किलो होतो, आणि ती रेष जमिनीला मधल्यापासून साडेचार ते साडेपाच फुटांवर लागते, म्हणजे तिन्ही पायांच्या त्रिकोणाच्या बाहेर. त्यातून दोन पायांच्या मधून ओढत असाल तर त्या बाजूला त्रिकोणाची कड अजूनच जवळ, मग तिसरा पाय उचलणारच. दोर हेडवरून एका पायाला लागून खाली आण, पायाच्या तळाशी दुसरी पुली लाव, तिथून बाहेर ओढा. फक्त मग हेडवर लोडच्या जवळपास दुप्पट जोर येतो तो धरून चाल, आणि खालची पुली मागे वेगळ्या अँकरला, म्हणजे पक्क्या आधाराला, बांध, नाहीतर तो पाय सरकतो.

विहीरवाला: वरचं बरोबर आहे पण तिन्ही पाय खालून पट्ट्याने किंवा साखळीने एकमेकांना बांधलेत का? ते नसेल तर लोड आला की पाय फाकतात. आणि आडाचा कठडा जुना असेल तर त्यावर पाय ठेवूच नका, मुरूम असेल तर खाली जाड फळ्या टाका, टोकदार पाय मुरमात रुततो आणि एकच रुतला तरी हेड कलतं.

डोंगरवेडा_७७: पट्टा आहे पण सैल होता, आवळतो. शेतातल्या मोठ्या विहिरीवर पण हेच करायचं का?

कातळकडा: नाही, वीस फुटी विहिरीवर तिपाई मधोमध उभीच राहत नाही. काठावर दोन पाय पुढे, एक मागे, हेड विहिरीकडे झुकलेलं, तेव्हा मागचा पाय दाबला जाण्याऐवजी उचलला जातो, म्हणून तो जमिनीला खिळवायचा आणि हेडवरून मागे दोन ताण दोर द्यायचे, लोड यायच्या आधीच ताणून. बॅकअप दोर, म्हणजे मुख्य दोर तुटला तर सावरणारा दुसरा दोर, मात्र कुठेही असलं तरी तिपाईवर नको, वेगळ्या झाडाला नाहीतर खडकाला बांधा. माणूस लावायच्या आधी गोणी दोन-तीनदा वर-खाली करा आणि एकाने फक्त पायांकडे बघत उभं राहायचं.