'अनट्राइड'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: क्रिकेटवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. १९८९ च्या कराची टेस्टआधीच्या सचिनला त्यात 'अनट्राइड' म्हटलंय. 'प्रयत्न न केलेला' तर बसतच नाही, आणि 'अननुभवी' लिहिलं तरी खटकतं कारण आदल्याच वर्षी रणजीत पहिल्याच मॅचला शतक ठोकलं होतं पोरानं. मग लिहू काय?

उत्तर १: इथे ट्राय म्हणजे प्रयत्न नाही, पारखणं. शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, निवडून वेगळं करणं हा अर्थ, आणि पुढे धातू भट्टीत घालून शुद्ध करण्यालाही इंग्रजीत ट्राय म्हणायला लागले. आपल्याकडे सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासतो, त्या पिवळ्या रेघेवरून कस ठरतो. ज्याची रेघच अजून उठली नाही तो अनट्राइड, म्हणजे सोनं खोटं आहे असं बिलकुल नाही.

उत्तर २: अनप्रूव्हनशी गल्लत नको. औषध कितीतरी जणांना देऊन झालं पण गुण येतो हे सिद्ध झालं नाही तर ते अनप्रूव्हन, कोणाला दिलंच नाही तर अनट्राइड. आणि प्रयत्नाचा अर्थ अगदीच नाही असंही नाही हां, 'लेफ्ट नथिंग अनट्राइड' म्हणजे करायचं काही बाकी ठेवलं नाही.

उत्तर ३: कोर्टातला अर्थ राहिला. ब्रिटनमध्ये अनट्राइड प्रिझनर म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचाय तो, आपण अंडरट्रायल म्हणतो आणि मराठीत कच्चा कैदी. हा 'कच्चा' मला फार नेमका वाटतो, आरोप अजून पारखलेला नाही एवढंच तो सांगतो. भाषांतरात सरळ 'गुन्हेगार' लिहिलेलं दिसलं की वाईट वाटतं, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत बसलेल्या माणसावर आपण एका शब्दात शिक्का मारतो.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार! टेस्टला आपण कसोटीच तर म्हणतो, मग 'कसोटीत अजून न पारखलेला' असंच लिहिते. फक्त मथळ्यात जागा कमी आहे, तिथे 'नवखा' चालेल का?

उत्तर १: नवखा नको, त्यातून खेळच येत नाही असं ऐकू येतं. मथळ्यात नुसतं 'नवा' पुरे.