मदत हवी आहे: क्वार्ट्झचा ओटा रद्द करू का?

पुण्यात आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालंय. जुना कडप्प्याचा ओटा काढून पांढरा क्वार्ट्झ बसवायचं ठरलं होतं, थोडा ॲडव्हान्सही दिलाय.

परवा समोरच्या फ्लॅटमध्ये तोच दगड बसला. कारागीर बाल्कनीत उकिडवा बसून कोरड्या ग्राइंडरने सिंकचं भोक पाडत होता. तोंडाला गमछा. दहा मिनिटांत त्याच्या भुवया पांढऱ्या. आमच्या तुळशीवरसुद्धा पीठ भुरभुरल्यासारखा थर. रात्री मेलबर्नच्या नणंदेला सहज सांगितलं तर म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे हा दगड बंद झालाय."

शोधलं तर खरंच. 1 जुलै 2024 पासून ऑस्ट्रेलियात तो बनवणं, विकणं, कापणं, बसवणं सगळ्यावर बंदी आहे. अशी बंदी घालणारा तो पहिलाच देश. कारण सिलिकोसिस, म्हणजे सिलिका या खनिजाची बारीक धूळ श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार. हा दगड म्हणजे क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट दाबून केलेली लादी. त्यात सिलिका 90 टक्क्यांच्या वरही असते. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. दिसते ती धूळ एकवेळ परवडली, न दिसणारी फुप्फुसात खोल जाऊन बसते, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. तिथे ओटे कापणाऱ्या तरुण पोरांना हा आजार काही वर्षांतच झाला. बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटणारीला मात्र काही होत नाही. म्हणजे चकचकीत ओटा मला आणि धूळ त्या पोराला!

आपल्याकडे बंदी नाही, त्यामुळे ठेकेदार हसतो. पाणी मारून कापा म्हटलं तर, "मॅडम, चिखल होतो, सोसायटीवाले ओरडतात." ग्रॅनाइट घेतलं तरी कापावं लागणारच ना? कुणी हे नीट करून घेतलंय का?

प्रतिसाद:
मी इंटिरिअरची कामं करते. साध्या ग्राइंडरवर पाणी मारायला अजिबात सांगू नका, शॉक बसेल. माप आधी पक्कं करा, सिंक आणि शेगडीची भोकं गोडाऊनलाच पाण्याच्या मशीनवर पाडून घ्या. घरी फक्त बसवणं. तरी थोडं घासावं लागलंच तर किमान एन-95 मास्क तुम्हीच आणून द्या, गमछ्याचा उपयोग नाही. नंतर झाडू मारू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि हो, ग्रॅनाइटचीही धूळ वाईटच.

धागाकर्ती:
खूप आभार, शॉकचं लक्षातच आलं नव्हतं. क्वार्ट्झ रद्द केला, काळं ग्रॅनाइट ठरलंय. ठेकेदार गोडाऊनला भोकं पाडून द्यायला तयार आहे, पण टेम्पोत सिंकच्या कोपऱ्याशी तडा गेला तर नुकसान माझं म्हणतो. खरंच जातो का तडा? आमचा चौथा मजला आहे आणि लिफ्ट छोटी.